ढोबळे सर आणि सासूबाईंची वाटी

ढोबळे सरांच्या हातात भरलेली वाटी कधी देऊ नये. आधी ती टेबलावर ठेवावी आणि मग त्यांना हाक मारावी. मला हे एका चांगल्या शर्टाच्या मोबदल्यात कळलं.

रामदासपेठेतल्या या इमारतीत आम्ही राहायला आलो, त्या पहिल्याच रविवारी बायकोनं, सुषमानं, समोरच्या दारी, सरांकडे, माझ्या हाती पाटवडीचा रस्सा पाठवला. सरांनी वाटी घेतली, डोक्याच्या वर धरली आणि खालून तिचं बूड बघू लागले. नीट दिसेना म्हणून जरा तिरपी केली, तीही माझ्या बाजूला.

"वस्तू खोटं बोलत नाही गा," रस्सा ठिबकत असताना ते म्हणाले. "हे नाव मशीनचं नाही, हातानं कोरलेलं हाय. कोणं देल्ली?"

"सासूबाईंनी."

"मंग तुमची सासू भलती हौशी हाय."

सासूबाई हौशी आहेत हे खरं. शर्ट मात्र गेला.

सर निवृत्त प्राध्यापक. आधी ते डिझाइनचा इतिहास शिकवायचे, म्हणजे तांब्या, खुर्ची, कंदील असे का दिसतात ते. मग कलेच्या इतिहासाकडे वळले. शेवटची वर्षं वस्तीनियोजन, म्हणजे गल्ल्या, ओटे, चौक कुठे असावेत ते. माझ्या आईनं हे सगळं शांतपणे ऐकलं आणि मला आत नेऊन विचारलं, "एका जागी टिकले नाही काय गा बिचारे?"

सरांचे कान तिखट. "विषय एकच होता, ताई!" ते बाहेरून ओरडले. "वाटी! आधी ते कशी घडली थे शिकवलं. मंग तिच्यावर नक्षी काहून काढली थे. अन् मंग ते कोणाच्या घरून कोणाच्या घरी जाते थे."

जन्मभर परगावी इंग्रजीत शिकवल्यामुळे आता तोंडाला आराम हवा, म्हणून ते घरी अस्सल आपल्या गावचं, खाप्याचं बोलतात. लग्नाचं कोणी विचारलं तर म्हणतात, "गावं बदलून राहिलो होतो गा, लग्नाले थांबलो कुठं?"

तर अशा सरांकडे गेलेलं भांडं परत येत नसे. मेश्राम काकूंचा डबा, वरच्यांची कढई, आमच्या सासूबाईंची वाटी, सगळं त्यांच्या पुस्तकांच्या कपाटात. पुस्तकं बिचारी जमिनीवर. मागायला गेलं की, "बसा, अभ्यास चालू हाय," म्हणून चहा टाकत आणि तुमच्याच कढईवर तुम्हाला व्याख्यान देत. मेश्राम काकू एकदा डबा आणायला गेल्या, तेव्हा त्यांच्या घरी वरण करपलं.

"सर, नुसता धुऊन दारात ठेवत जा न," त्या वैतागून म्हणाल्या.

"रिकामं भांडं परत करत असतात काय वं? अन् भरून द्यायले मले खिचडीबी येत नाही."

यावर काकूंनीच तोड काढली. श्रीखंडाचे रिकामे प्लास्टिकचे डबे. भाजी त्यात घालून द्यायची, परत मागायची भानगडच नको. पटापट सगळ्यांनी आपापली भांडी उचलून आणली आणि इमारतीत डबे सुरू झाले. आम्हीही त्यातलेच.

सर भडकले. "याचं बूड पाहून काय कळते? बिलकुल फालतू चीज! कारखान्यातून निंघाली, कचऱ्यात चालली. मधात माणूसच नाही!"

आम्ही पोट धरून हसलो. सरांकडे भाजी, वड्या, खीर, सगळं पूर्वीसारखंच जात होतं. कोणाचं वरण करपत नव्हतं.

एका संध्याकाळी मिहानमधल्या ऑफिसातून परतलो, तर सरांचं दार सताड उघडं. आत कपाटात श्रीखंडाचे डबे, घासूनपुसून, झाकणांसकट रचलेले. मला बघताच ते लगबगीनं उठले. "डबा न्यायले आले काय? बसा, चहा टाकतो."

"नाही हो सर. ते टाकून द्यायचे असतात."

"हो, थे बी खरं हाय." ते परत खाली बसले. जवळचा एक डबा उगाच फडक्यानं पुसला आणि म्हणाले, "पण हे न्यायले कोणी येतच नाही गा."

मला फार वाईट वाटलं. वस्तीनियोजनातलं ओ की ठो मला कळत नाही, पण कपाटात आमची भांडी का अडकत होती, ते त्या क्षणी कळलं. मी बसलो. चहा घेतला. श्रीखंडाच्या डब्यावर बोलण्यासारखं खरंच काही नव्हतं, म्हणून आम्ही उन्हाळ्यावर बोललो.

घरी येऊन सुषमाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या केल्या आणि आपल्या आईची ती वाटी काढली. वड्या सांडत नाहीत, एवढी काळजी तिनं घेतली. संध्याकाळी वाटी आणायला म्हणून ती स्वतः गेली. मधूनच सरांचा वरच्या पट्टीतला आवाज आणि हिचं हसणं आमच्या खोलीपर्यंत येत होतं. बऱ्याच वेळानं आली, ती रिकाम्या हातानं.

"वाटी?" मी विचारलं.

"राह्यली तिथंच," ती म्हणाली. "उद्या तुम्ही जाऊन या न."