आधी हात, मग बात

गायकवाडकाकांकडे जायचं असेल तर आधी पायाने हात धुवावे लागतात. इतरांच्या दाराबाहेर चपलांचं कपाट असतं, काकांच्या दाराबाहेर दोन बांबू उभे आहेत. मध्ये पिवळा प्लॅस्टिकचा कॅन टांगलाय. कॅनला दोरी, दोरीच्या खालच्या टोकाला लाकडी पट्टी. पट्टीवर पाय दिला की ती फरशीवर खट्ट वाजते, कॅन वाकतो आणि हातावर पाण्याची धार पडते. साबणही दोरीलाच लटकलेला. करोना येऊन गेला, आमचे मास्क फडताळात गेले, सॅनिटायझरच्या बाटल्यांत आम्ही खोबरेल तेल भरलं, पण काकांचा कॅन काही हलला नाही. बेल वाजवली की आतून आवाज येतो, "आधी हात, मग बात!"

काका म्हणजे रेव्हरंड शमुवेल गायकवाड. युगांडातल्या एका खेड्यात मिशनरी म्हणून त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. चर्च आणि शाळा ते बघायचे, बायको मार्थाबाई मिशनच्या दवाखान्यात नर्स. दोन वर्षांपूर्वी काका एकटेच परतले आणि सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर माझ्या समोरच, भाच्याच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये राहू लागले. मार्थाबाई तिकडेच, लॉकडाऊनमध्ये गेल्या, एवढं आम्हाला ठाऊक होतं. त्यापुढे कुणी काही विचारलं नाही. आमच्याकडे चौकशा पुष्कळ होतात, विचारपूस कमी.

तिकडची एक रीत त्यांनी बरोबर आणली आहे. आलेल्या माणसाला दारातून निरोप द्यायचा नाही, वाटेपर्यंत पोचवायला जायचं. खेड्यात ते ठीक आहे. इथे काका गॅस सिलिंडरवाल्याला फाटकापर्यंत पोचवतात. कुरिअरवाला दोन-दोन पायऱ्या गाळत पळत असतो आणि मागून काका, "अहो, सावकाश, मी येतोय ना!" एकदा माझ्या मेव्हण्याला ते बोलत बोलत थेट मंडईपर्यंत सोडून आले. मेव्हण्याला जायचं होतं स्वारगेटला.

तिकडच्या लॉकडाऊनच्या गोष्टी ते रंगवून सांगतात. चर्चला कुलूप, गाड्या बंद, जमायला बंदी. "कुलूप चर्चला लागलं, देव काही रजेवर गेला नव्हता," काका म्हणतात. मग रविवारी सकाळी ते हातात भोंगा घेऊन सायकलवरून निघत आणि घरोघरी दोन-दोन वाक्यांचा उपदेश करत.

"ही विद्या पुण्यातल्या भंगारवाल्याची," ते सांगतात. "तो ओरडला की माणसं आपोआप बाहेर येतात."

माणसं ओसरीवर येऊन तिथूनच आमेन म्हणायची. एरवी तासाभराच्या प्रवचनात निम्मी मंडळी पेंगायची, भोंग्यावर एकजणही झोपला नाही, हे आपल्या सेवाकार्याचं सर्वांत मोठं यश, असं काकांचं मत आहे. कॅनची कल्पना मात्र मार्थाबाईंची. त्यांनी दारोदार फिरून असे कॅन बांधून घेतले.

इथे त्या कॅनचा ताप व्हायचा तो लेलेबाईंना. त्या बरोबर काकांच्या खालच्या मजल्यावर राहतात, निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्याच. काकांनी कॅनखाली घमेलं ठेवलं होतं, पण ते केवढंसं! भरलं की पाणी जिन्यावरून थेट लेलेबाईंच्या दारात. मग त्या वर यायच्या.

"अहो गायकवाड, पुण्य तुमचं आणि पाय घसरायचा माझा, हा कुठला न्याय?"

"आधी हात, मग बात."

त्या हात धुवायच्या आणि मग भांडायच्या. म्हणजे आणखी पाणी सांडायचं. भांडण संपलं की काका त्यांना खालच्या मजल्यापर्यंत पोचवायला जायचे.

एक दिवस त्या खरंच घसरल्या. कठडा हाती लागला म्हणून निभावलं, पण मनगट चांगलंच मुरगळलं. सोसायटीची सभा भरली, कॅन काढायचा ठराव झाला, आणि ते काकांना सांगायचं काम सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे आलं. मी सेक्रेटरी आहे, कारण निवडीच्या सभेला मी गैरहजर होतो.

मी गेलो, हात धुतले आणि ठराव सांगितला. वाटलं होतं, वाद घालतील. ते म्हणाले, "बरोबर आहे. बाई केवढ्या पडल्या असत्या!" लगेच उठून बाहेर आले आणि त्यांनी दोरीच्या गाठीला हात घातला. गाठ सैल होती, पण सोडेनात. तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"मार्था गेली तेव्हा मीही आजारीच होतो. घरात एकटा. दार उघडायचं नाही, असा हुकूम. दफनालाही जाता आलं नाही. तिकडे कुणी गेलं ना, की सगळं गाव अंगणात येऊन बसतं. बोलत नाहीत, नुसते बसतात. पण तेव्हा जमायला बंदी. मग माणसं एकेक करून यायची. कॅनवर हात धुवायची, अंगणात थोडा वेळ बसायची, उठून जायची. मला अंथरुणावरून दिसायचं नाही कोण आलंय. पट्टी वाजली की कळायचं, आलं कुणीतरी."

"आणि इथे?" मी विचारलं.

"इथे लेलेबाई येतात," काका म्हणाले. "पाणी सांडलं की."

समोरच्या दारात दोन वर्षं राहून मी त्या पट्टीवर किती वेळा पाय दिला होता? "आज राहू द्या," एवढंच म्हणालो आणि खाली लेलेबाईंकडे गेलो. त्यांच्या मनगटाला बँडेज होतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, "ठराव झालेला आहे," असं म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. मला त्यांचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची पिशवी घ्यायला मी दार उघडलं, तर लेलेबाई जिना चढून येत होत्या. बऱ्या हातात कपडे भिजवायचा मोठा निळा टब. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पायाने घमेलं बाजूला सारून त्यांनी टब कॅनखाली सरकवला. मग पट्टीवर पाय दिला आणि बँडेजचा हात लांब धरून दुसऱ्या हातावर पाणी घेतलं.

"कोण?" आतून काकांचा आवाज आला. "लेलेबाई का? सांडलं का हो पुन्हा?"

"नाही," लेलेबाई म्हणाल्या. त्या एव्हाना वरच्या पायरीवर बसल्या होत्या. "काही काम नाही. आलेय नुसती."