पापणीचा केस आणि काचराज्याची फत्ते

पापणीचा एक केस, काडीच्या टोकास चिकटविलेला. जिन्याच्या पायऱ्या. साय धरलेला चहा. हृदय उघडे दिसते ऐसे माशाचे पिलू.

नमन त्या पाण्यास, ज्याने आतले काही झाकून ठेविले नाही. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, काचेच्या राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे जे, राज्याची रयत म्हणजे झेब्रामासे, थोरपणी अंगावर पट्टे आणि बाळपणी काचेसारखे निर्मळ, आणि त्यांचा कारभार सगुणाबाईंकडे होता. बाईंचे धाकटे बंधू येसाजी यांस अपस्माराचे झटके येत, म्हणोन ज्या जनुकाच्या दोषाने ते येत तोच दोष बाईंनी माशांच्या अंड्यांत घातला, आणि पिले निपजली ती घटकेत गिरक्या घेत आणि घटकेत ताठ होऊन कलंडत. मग प्रयोगशाळेचे मुख्य, म्हणजे या राज्याचे सरकार, यांनी नवे औषध पाण्यात सोडविले आणि यंत्राच्या डोळ्याने पाहता गिरक्या थांबल्या, तेव्हां दरबारी पेढे वाटले आणि फत्तेचा मजकूर छापावयास धाडिला. परंतु बाईंस घरचे औषध आठवले. त्यानेही येसाजींचे झटके ऐसेच थांबले होते, आणि तेव्हांपासोन ते खिडकीशी बसत, हाक मारावी तर हातचा चहा निवे तोवर मान वळत नसे. मग बाईंनी काडी घेतली आणि केसाने एकेका पिलाच्या शेपटीस हलकेच स्पर्श केला. निरोगी पिलू स्पर्शासरशी पळते. ही जागची हलली नाहीत.

सरकार हसोन बोलिले, "सगुणाबाई, गुदगुल्या पुरे. झटके थांबले ना?"

"थांबले, साहेब. पण पळणंही थांबलं."

सरकार खट्टू जाहले आणि म्हणाले की, भाऊ आता पडत तरी नाही, आणखी काय पाहिजे. बाई पाण्याकडे पाहोन बोलिल्या, "तो दिसायच्या आधी त्याची पावलं ऐकू यायची. ती पाहिजेत."

मग सरकारांनी फत्तेचा मजकूर माघारी घेतला, आणि बाईंनी दुसरे औषध पाहिले, मग तिसरे, मग पुढले. एके सकाळी केस लागताच एक पिलू अंग वळवून सुळकन निघोन गेले. मागाहून त्यास झटका आलाच. तरी बाई त्याने सोडलेल्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिल्या.

सारांश, झटके जावे आणि पळणे राहावे ऐसे औषध राज्यास अद्यापि लाभले नाही, आणि बाई नित्य केस लावोन पाहतात.

तो केस येसाजींच्या पापणीचा. त्यांचे औषध सुरू होण्याआधी तो बाईंस द्यावयास ते दोन दोन पायऱ्या गाळीत वर आले होते.