उशीखालचा चमचा

अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये ऑगस्ट महिन्यात बर्फाची आठवण कुणालाच नसते, आणि लोरेन पेलेटिएने करार लिहिला तो नेमका ऑगस्टमध्ये.

तिची दोन्ही मुलं सांभाळायला ओडेलबाई तयार होत्या. अट एकच, उन्हाळाभर सुट्टी. जूनच्या मध्याला त्या तळ्याकाठच्या आपल्या खोपटात मासे धरायला जात, त्या शाळा उघडायच्या वेळीच परत येत. लोरेन वकील होती आणि लांबण लावणाऱ्या वकिलांचा तिला तिटकारा होता. तिने सगळं एका ओळीत बसवलं: शाळा भरेल त्या दिवशी काम, शाळा बंद त्या दिवशी सुट्टी.

"फारच सुटसुटीत झालंय," तिचा नवरा गार्थ म्हणाला.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

गार्थ रस्त्यावरचा बर्फ काढायचा सरकारी ट्रक चालवायचा. त्याला तरी कळायला हवं होतं, पण ऑगस्टमध्ये तोही गाफील.

डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला. पहाटेच शाळेचा फोन आला, आज शाळा बंद. गार्थ केव्हाच ट्रक घेऊन गेला होता. लोरेनने ओडेलबाईंना फोन लावला.

"शाळा बंद आहे ना गं?" बाई म्हणाल्या. "मग मी पण बंद. तूच लिहिलंयस."

जानेवारी संपेपर्यंत असं सहा वेळा झालं. सहाही वेळा विनी आणि एमेट आईबरोबर ऑफिसात. सहाव्या खेपेला एमेटने एका जोडप्याच्या घटस्फोटाचे कागद तुकडे करायच्या मशीनमध्ये घातले. साहेबांनी लोरेनला आत बोलावलं.

"पुढच्या मंगळवारी तुझी पहिली स्वतंत्र केस आहे. त्या दिवशी ही वरात कोर्टात आली, तर जन्मभर फायली लावत बस."

त्या संध्याकाळी लोरेनने पाहिलं, तर दोन्ही मुलांचे पायजमे उलटे आणि उशांखाली चमचे.

"बर्फ पडावा म्हणून," विनी म्हणाली. "वर्गातले सगळेच करतात."

लोरेननेही लहानपणी हेच केलं होतं, त्यामुळे रागावणं कठीण होतं. तिने चमचे गोळा केले. नऊ निघाले.

"आपल्या घरात एवढे चमचे कुठले?"

"तीन ओडेलबाईंनी आणलेत," एमेट म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा लोरेनने त्यांच्यासमोर शाळेचं कॅलेंडर ठेवलं. "बर्फाने बुडलेले दिवस शाळा जूनमध्ये भरून काढते. सहा झाले. शाळा भरेल त्या दिवशी काम, असं मीच लिहिलंय."

बाईंनी बोटांवर मोजलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझे मासे?"

"तुमचे मासे आणि माझी केस, दोन्ही बुडतायत."

तह झाला. बर्फ पडला तरी बाई येणार, आणि जूनच्या मध्याला मोकळ्या होणार. "पण या वेळी सगळं नीट लिही," बाईंनी बजावलं. "तुझ्या एका ओळीने माझं वाटोळं होत होतं."

लोरेन लिहायला बसली. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी दुपारी अकरा पानांवर सह्या झाल्या. मग बाईंनी स्वतः मुलांच्या उशा झटकल्या, पायजमे सुलटे घालायला लावले आणि घरी गेल्या.

मंगळवारी उजाडलं तेव्हा दाराशी कमरेइतका बर्फ होता. ओडेलबाई करारानुसार पायांना बर्फावर चालायच्या फळ्या बांधून वेळेवर हजर झाल्या. लोरेन कोट घालून तयार होती. तेवढ्यात कोर्टाचा फोन आला. रस्ते बंद, कोर्ट बंद, सुनावणी दहा दिवसांनी.

"अरेरे," लोरेन म्हणाली आणि खुर्चीत मटकन बसली. ओडेलबाईंना ते अरेरे जरा पातळ वाटलं.

त्या गाद्या आवरायला वर गेल्या आणि थोड्या वेळाने खाली आल्या. त्यांच्या हातात सूप वाढायचा भला मोठा डाव होता.

"हा मुलांच्या खोलीत नव्हता," त्या म्हणाल्या. "आणि उशीवर एक गाऊन होता, उलटा."

लोरेनने टेबलावरच्या केसच्या फायलीकडे पाहिलं. तिची दोरीसुद्धा सुटली नव्हती.

"अकरा पानं लिहीत होते हो," ती हळूच म्हणाली.

बाईंनी डाव खणात ठेवला. "करारात काय आहे?"

"मोठ्यांच्या गाद्या तुम्ही आवरायच्या नाहीत. पान सात."

"मग मी तिकडे गेलेच नाही," ओडेलबाई म्हणाल्या आणि फायलीची दोरी सोडून ती लोरेनपुढे सरकवली.