ढवळेकाका आणि सोळा जीबी

आमच्या भांडुपच्या बिल्डिंगमध्ये नवीन भाडेकरू आला की लोक विचारतात, गाव कोणतं? ढवळेकाका विचारतात, "रॅम किती?" समोरचा आठ म्हणाला की त्याच्या घरी कुणी आजारी असल्यासारखा चेहरा करतात.

काका साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. रिटायर झाले, पण हातातला स्क्रूड्रायव्हर काही सुटला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजच्या पोरांचा गेम अडकू दे, नाहीतर माझं एडिटिंग (मी लग्नाचे व्हिडिओ करतो), काका न बोलावता हजर. लॅपटॉप उघडण्याआधी खिडकीच्या ग्रिलला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज उतरते, हा त्यांचा नियम. स्वतः लावतात ते ठीक आहे हो, खोलीतल्या सगळ्यांना लावायला लावतात. माझी आई बिचारी चहा द्यायला आली, तर तिलाही कपबशी खाली ठेवून ग्रिल धरून उभं केलं.

माझ्या लॅपटॉपचे आठाचे सोळा केले त्या दिवशी तासभर लेक्चर. "रॅम म्हणजे ओटा. ओटा एवढुसा असला की सुगरणीलाही भांडी जमिनीवर मांडावी लागतात." आणि लॅपटॉप घेताना रॅम वाढवायला स्लॉट आहे का, हे आधी विचारायचं. ज्यानं विचारलं नाही त्याची खैर नाही. चौथ्या मजल्यावरच्या पाटकरांना ते अजून बिनस्लॉटचे पाटकर म्हणतात.

आता गंमत बघा. एवढ्या मोठ्या वैद्याचा स्वतःचा लॅपटॉप चार जीबीचा! त्यावर दर रविवारी अकरा वाजता नागपूरच्या नातीबरोबर, ओवीबरोबर, ठोकळ्यांची घरं बांधायचा गेम खेळायचे. दहा मिनिटांत काका हँग. शेवटी ती नऊ वर्षांची पोर कंटाळली. "आजोबा, तुम्ही सारखे अडकता, मी आता मैत्रिणींबरोबर खेळू?" असं म्हणाली. काकांनी मला हे हसत हसत सांगितलं, पण नंतर दोन दिवस कुणाच्या घरी फिरकले नाहीत.

मला राहवलं नाही. रॅम घेऊन गेलो. नको रे, चांगला चालतो, म्हणून ते लॅपटॉप दडवायला लागले. मी ऐकतोय थोडाच? ग्रिलला हात लावला आणि उघडला. आत स्लॉटच नव्हता. रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली, वाढवायची सोयच नाही. मी पोट धरून हसलो. म्हटलं, काका, तुम्हीपण पाटकरच निघालात!

काका हसले नाहीत. "माझा नाही रे तो, हिचा आहे. शाळेतून रिटायर झाली तेव्हा घ्यायला गेलो होतो. तिला तो निळा रंग आवडला. झाकणावरून हात फिरवत उभी राहिली. मी दुकानदाराला काय विचारणार होतो?"

काकू जाऊन दोन वर्षं झालीत. मला माझीच लाज वाटली. दुसरा घ्या म्हणायची काही सोय नव्हती. तिच्या लॅपटॉपवर खेळलो की तिघं खेळल्यासारखं वाटतं, म्हणाले.

मग काय, रविवारी त्यांना ओढूनच घरी आणलं आणि माझ्या सोळा जीबीसमोर बसवलं. गेम एकदम मक्खन! ओवी तिकडून ओरडत होती, काका इकडून. अर्धा तास झाला तरी कुणी अडकलं नाही. काकांनी हौसेनं सेटिंगमधला लांबचं दिसण्याचा आकडा वाढवला. चार जीबीवर तो अगदी कमी ठेवावा लागायचा, त्यामुळे थोड्या अंतरापलीकडे नुसतं धुकं. ते आता विरलं. नदीपलीकडे एक छोटं घर होतं, खिडकीत कुंड्या.

"ते कुणाचं गं?"

"आजीचं," ओवी म्हणाली. "केव्हाच बांधलंय. तुम्हाला दिसतच नव्हतं ना."

काकांनी माऊस सोडला. थोड्या वेळानं परत धरला आणि नदीच्या दिशेनं चालायला लागले.

"दार उघडं ठेव गं," ते म्हणाले. "आलोच."