दोन्ही टोकांना दिवा

आमच्या शेजारच्या साठ्येकाकांच्या कॅम्परमध्ये, म्हणजे आत झोपायची सोय असलेल्या गाडीत, एक होकायंत्र आहे. पितळेचं, चांगलं तळहाताएवढं, स्टिअरिंगच्या वर स्क्रूने घट्ट बसवलेलं. पाहणाऱ्याला वाटतं, म्हातारा वेल्सच्या डोंगरात वाट चुकू नये म्हणून काळजी घेतोय. तसं काही नाही. वाटेसाठी काकांकडे फोन आहे. होकायंत्र झोपण्यासाठी आहे. गाडी कुठेही उभी केली तरी झोपणाऱ्याचे पाय दक्षिणेकडे होता कामा नयेत, एवढंच त्याचं काम.

हे एखाद्या देवभोळ्या माणसाने केलं असतं तर मी समजू शकलो असतो. पण डॉक्टर साठ्ये म्हणजे पक्के नास्तिक. इथे लंडनजवळच्या पिनरमध्ये आमच्या गणपतीत आरती सुरू झाली की हे बाहेर जाऊन कोणाची गाडी कशी लावलीय ते बघतात. आयुष्यभर इथल्या इस्पितळांत त्यांनी भूल देण्याचं काम केलं. "सर्जनचं काय रे, तो कापतो नि जातो. माणसाला शुद्धीवर आणतो तो मी," हे सांगण्याची त्यांना भारी हौस. त्यामुळे त्यांच्या जगात प्रत्येक वस्तू एकतर शुद्धीवर असते नाहीतर येण्याच्या बेतात असते. कुकरची शिट्टी होईना, वायफाय गेलं, ट्रेन रद्द झाली, काकांचं उत्तर एकच: "येईल, येईल शुद्धीवर."

हा कॅम्पर मात्र त्याच्या पलीकडे गेलेला होता. काकांनी तो दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणला. दाराखालचा पत्रा बोटाने दाबला तर तुकडा हातात यायचा, छपरातून पाणी गळायचं आणि गादीत उंदरांचा संसार होता. माझी बायको मेघना खिडकीतून बघत म्हणाली, "कुमुदकाकू असत्या तर हे धूड दारातल्या ड्राइव्हवर उभं राहू दिलं नसतं."

मला तसं वाटलं नाही. काकूंना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि कॅम्पर ही मुळात काकूंचीच इच्छा. मुलगा निखिल, सून आणि नात ईशा मँचेस्टरला. सगळ्यांनी मिळून समुद्रावर जायचं आणि लहानपणी सुट्टीत मामाकडे झोपायचो तसं ओळीने, गप्पा मारत झोपायचं, हे काकू दर दिवाळीला बोलून दाखवत. काका म्हणत, "रिटायर झालो की बघू." ते रिटायर झाले आणि काकूंनी अंथरूण धरलं.

दर शनिवारी सकाळी कुंपणावरून हाक यायची. "समीर, ऑपरेशन थिएटरला ये!" माझं काम टॉर्च धरण्याचं. आत जाताना बूट बाहेर काढावे लागत. कोपरापर्यंत ग्रीसने माखलेला हा माणूस मला विचारायचा, "मोजे स्वच्छ आहेत ना?" वेल्डिंग ते व्हिडिओ बघून शिकले आणि पहिल्याच दिवशी स्वेटरची बाही जाळून बसले. मी म्हटलं, "काका, सरळ गॅरेजला देऊन टाका ना."

"पेशंटला टेबलावर टाकून मी कधी चहाला गेलो नाही," ते म्हणाले आणि दुसरा स्वेटर घालून आले.

होकायंत्र बसवलं तेव्हा काटा उत्तर सोडून रेडिओकडेच बघत बसला. खालच्या स्पीकरमधल्या लोहचुंबकाचा प्रताप. मला वाटलं, आता होकायंत्राची जागा बदलतील. काकांनी रेडिओच उपटून काढला.

पण खरा कळस गादीचा. झोपणाऱ्याचं डोकं ड्रायव्हरच्या सीटकडे येईल किंवा मागच्या दाराकडे, तिसरी सोय गाडीत नाही. मी म्हटलं, "दिशा चुकली तर उशी या टोकाची त्या टोकाला टाकायची, संपला विषय. त्याला एवढं काय?"

"आणि दिवा?" काकांनी विचारलं.

म्हणून दिवा दोन्ही टोकांना लागला. मग चष्म्याचा कप्पा दोन्ही टोकांना. पाण्याच्या बाटलीची जागा, फोनचं सॉकेट, हेही दोन्हीकडे. शेवटी त्यांनी घंटीसुद्धा बसवली, तीही दोन्हीकडे. ज्या गाडीत जांभई दिली तरी सगळ्यांना ऐकू जाईल तिथे बटण दाबून कोणाला बोलवायचं होतं, देव जाणे. टॉर्च धरून माझे हात भरून आले होते, म्हणून जरा चिडूनच विचारलं.

"काका, तुमचा खरंच विश्वास आहे या दिशांवर?"

"छे! शुद्ध अडाणीपणा."

"मग?"

"टॉर्च सरळ धर."

अखेर कॅम्पर एमओटी, म्हणजे गाड्यांची इथली सक्तीची वार्षिक तपासणी, पास झाला. तपासणाऱ्या माणसाला काकांनी पेढे नेऊन दिले. मेच्या हाफ-टर्मला, शाळेच्या आठवडाभराच्या सुट्टीत, सगळ्यांनी वेल्सला जायचं ठरलं. काकांनी स्वतः चिवडा केला, मेतकुटाची बरणी भरली, वरच्या बर्थवर ईशासाठी नवं पांघरूण घातलं आणि दिवसातून दोनदा इंजिन सुरू करून बघू लागले. एवढे खुशीत मी त्यांना काकू गेल्यापासून पाहिले नव्हते.

निघायच्या दोन दिवस आधी ईशाचा फोन आला. मी तिथेच होतो.

"आजोबा, सॉरी हां. माझा एक्झाम आहे ना, खूप रिव्हिजन करायचा आहे. आणि बाबाला पण ऑन-कॉल लावलाय. वी आर सो सॉरी. समरमध्ये नक्की येऊ."

"अगं, अभ्यास आधी," काका म्हणाले. "गाडी कुठे पळून जातेय?"

फोन ठेवल्यावर मी त्यांच्या 'येईल शुद्धीवर'ची वाट बघत राहिलो. त्यांनी चिवड्याचा डबा माझ्या हातात दिला. "मेघनाला दे. मऊ पडेल नुसता."

त्या शनिवारी हाक आली नाही. बाहेर येऊन बघतो तर कॅम्परचे पडदे ओढलेले आणि दारापाशी काकांचे बूट, दवाने पार भिजलेले. धावत जाऊन मी दार वाजवलं.

"ये. मोजे बघ आधी."

काका गादीवर बसले होते. मागच्या टोकाला दोन उशा शेजारी शेजारी, त्यातली एक न चुरगळलेली. तिच्या बाजूच्या कप्प्यात काकूंचा चष्मा होता. त्या बाजूचा दिवाही चालू होता.

"निखिल लहान असताना भाड्याने कॅम्पर घेऊन गेलो होतो," मी न विचारताच ते बोलू लागले. "ही रात्रभर बसून राहिली. पाय दक्षिणेकडे होतायत म्हणे. मी हसलो. नंतर चार लोकांत सांगून परत परत हसलो. शेवटी वॉर्डात तेच. म्हणाली, अहो, मला उलटं झोपवा ना, दक्षिणेकडे पाय आहेत, डोळा लागत नाही. मी सिस्टरला विचारलं. पलंग स्वतः ओढून बघितला. पण ऑक्सिजन भिंतीत, दिवा भिंतीत, घंटी भिंतीत. सगळं एकाच टोकाला रे. नळी पुरेना. जन्मभर लोकांना झोपवलं मी, समीर. आकडे मोजायला लावायचो, दहापर्यंत कोणी पोचायचं नाही. हिला एक रात्र झोप देता आली नाही."

मला रडू आलं. त्यांना आलं नाही, किंवा येऊन गेलं असावं.

"काका, आपण जाऊ या का?" मी म्हटलं. "तुम्ही, मी, मेघना. समुद्रापर्यंत तरी."

"नको," ते म्हणाले. "ते आले की जाऊ. ओळीने झोपायचंय तिला."

उन्हाळा गेला, ऑक्टोबरचं हाफ-टर्मही गेलं. दर वेळी काहीतरी खरंखुरं कारण होतं, निखिलला दोष द्यावा असं एकही नव्हतं. कॅम्पर ड्राइव्हवरच आहे, नाक गॅरेजच्या दाराला लावून. शुक्रवारी संध्याकाळी काका बूट बाहेर काढून आत शिरतात. गाडी इंचभरही हललेली नसते. तरी आधी पुढे वाकून होकायंत्र बघतात, आणि मग मागे येऊन दोन्ही उशा नीट करतात.