रिकामा टप्पा परत आणावा

"इंधन संपलं की पहिला टप्पा गळून पडतो," ताईंनी पडद्यावर बोट ठेवून सांगितलं.

"गळून पडतो म्हणजे? जातो कुठे?"

"कुठे जाणार, काका. अंतराळात जातो."

"कुणाच्या सहीनं?"

पंपांच्या कारखान्यातल्या या स्टोअरकीपरना सगळे तोंडावर काका आणि पाठीमागे पावतीकाका म्हणत. जुनं जमा केल्याशिवाय नवं द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. तुटका पाना आणा, नवा पाना घ्या. फाटके हातमोजे आणा, नवे घ्या; एकच आणलात तर एकच मिळेल. याच नियमावर त्यांनी अठरा वर्षं तळघरातलं स्टोअर चालवलं होतं, आणि एक खिळाही इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता.

आता दर्शनी भागातली खिडक्यांची मोठी खोली रिकामी झाली होती. ड्रॉइंग खात्याची जुनी खोली पाडायची ठरल्यामुळे त्यांना ही खोली हवी होती, आणि स्टोअरलाही हवी होती. महिनाभर दोघांचं भांडण ऐकून मॅनेजर विटले. जेवणाच्या सुट्टीत अर्धा कारखाना अंतराळयुद्धाचा खेळ खेळतो, हे त्यांना ठाऊक होतं. "शुक्रवारी कँटीनच्या पडद्यावर खेळा. जिंकेल त्याला खोली, हरेल तो तळघरात," असं सांगून ते मोकळे झाले. स्टोअरच्या सहायक ताईंचा त्या खोलीवर फार जीव होता. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे त्यांना दहा वर्षं घरी जातानाच कळत आलं होतं.

काका हा खेळ जन्मात खेळले नव्हते, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. "क्षेपणास्त्र म्हणजे शेवटी मालच ना? मग मालाचं मला शिकवू नका."

खेळात क्षेपणास्त्र आपणच जुळवायचं. पहिला टप्पा ढकलतो, दुसरा नेम धरतो, तिसरा फुटतो. दोन्ही बाजूंना लोखंड आणि इंधन सारखंच. काकांनी दुसरा टप्पा लहान म्हणून मोठ्या मनानं सोडून दिला, पण पहिला परत यायलाच हवा म्हणून अडून बसले. परत यायचं तर त्याला वेगळं इंधन हवं. इंधनाचं वजन वाढलं म्हणून टप्पा मोठा केला. टप्पा मोठा झाला म्हणून परतीचं इंधन आणखी लागलं, आणि त्या इंधनासाठी टप्पा पुन्हा मोठा करावा लागला.

"काका, आपलं क्षेपणास्त्र आपल्या जहाजापेक्षा मोठं झालंय," ताई म्हणाल्या.

"भक्कम आहे."

"ड्रॉइंगवाल्यांची अठ्ठेचाळीस आहेत. आपली सहाच होतायत. आणि दारूगोळ्याला जागाच उरली नाही हो."

"चिमूटभर घाला. पण परत आलं पाहिजे."

ताईंना रडू यायचं बाकी होतं. खिडकी गेलीच, असं धरून त्या शुक्रवारी कँटीनमध्ये जाऊन बसल्या. काका मात्र इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात दोन पेनं लावून आले.

सामना सुरू झाला. काकांची सहा धुडं हलत डुलत निघाली, अर्ध्या वाटेत त्यांचे पहिले टप्पे सुटले आणि शहाण्यासारखे मागे वळले. "बघा, आले की नाही?" काकांनी शेजारच्या वेल्डरला विचारलं. तेवढ्यात ड्रॉइंगच्या साहेबांनी आपली अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस क्षेपणास्त्रं एकदम सोडली. त्यांना हुकूम साधा होता: समोर जे सगळ्यांत मोठं दिसेल, त्यावर जाऊन आदळायचं. एरवी जहाजाहून मोठं समोर असतं काय?

अठ्ठेचाळीसही क्षेपणास्त्रं काकांच्या जहाजाकडे ढुंकूनही न बघता रिकाम्या टप्प्यांवर तुटून पडली.

"अहो, रिकामे आहेत ते," काका उठून उभे राहिले. "त्यांना कशाला मारताय?"

सहाही टप्प्यांचा चक्काचूर झाला. कँटीन टाळ्या वाजवत होतं आणि काकांचा चेहरा घरात चोरी झाल्यासारखा उतरला होता. तिकडे त्यांचा चिमूटभर दारूगोळा शत्रूच्या जहाजावर टकटक करून विझला. त्याची दोन टक्के ताकद गेली. ड्रॉइंगवाल्यांकडे आता सोडायला काही उरलंच नव्हतं. वेळ संपली, आणि स्टोअर शंभर विरुद्ध अठ्ठ्याण्णवनं जिंकलं.

"मानलं काका," ड्रॉइंगचे साहेब जवळ येऊन म्हणाले. "रिकामे टप्पे पुढे करून आम्हाला खेळवलंत."

नुकसानीच्या कागदावर कोण सही करणार, हे विचारायला काकांनी तोंड उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं. "मग? तुम्हाला काय वाटलं होतं?" ते म्हणाले.

सोमवारी स्टोअर वर आलं. ताईंनी खिडकीत कुंडी ठेवली आणि पहिला दिवस त्या नुसत्या हसत होत्या. काकांना दुसऱ्याच दिवशी घोळ कळला. तळघराच्या बत्तीस पायऱ्या बघून निम्मे लोक परत जायचे, नाहीतर जुन्यावरच भागवायचे. आता येणारा-जाणारा खिडकीशी थांबून बोल्ट मागत होता, बोल्ट नको असला तर वेळ विचारत होता. आठ दिवसांत काकांना एकदाही गरम चहा मिळाला नाही.

नवव्या दिवशी ते पायऱ्या उतरून तळघरात गेले. आत गार होतं. ड्रॉइंगचे साहेब स्टुलावर पाय पसरून, शांतपणे एक रेघ ओढत बसले होते.

"पुन्हा एक डाव होऊन जाऊ दे," काका रुबाबात म्हणाले. "तुमच्यावर अन्यायच झाला. हवं तर मी चारच क्षेपणास्त्रं घेतो."

"छे, छे. तुम्ही हक्कानं जिंकलात," साहेब म्हणाले. "आम्ही भोगू इथे कसंबसं."

"अहो, पण खिडकी..."

"काका," साहेब रेघेवरची नजर न काढता हळूच म्हणाले, "जाताना तेवढं दार ओढून घ्या."