केळीच्या बाटलीतला आशीर्वाद

एका जंगलात एक नियम होता. नवं काम काढलं की त्यावर थोरांनी फुंकर घालायची. घरट्याची पहिली काडी असो, नाहीतर पिल्लाचा पहिला घास. 'का?' असं विचारायचं नाही. विचारणारीला त्या जंगलात उद्धट म्हणत, आणि उद्धट मुलींची लग्नं जमत नसत.

मुलांनो, तुमच्या घरी असं काही नसेलच.

फुंकरीचा पहिला मान आबा अस्वलांचा. आबा सकाळी मध खात, दुपारी वाळवी खात आणि तोंड धुणं हे नव्या पिढीचं खूळ समजत.

एका साली जंगलातल्या केळींना रोग लागला. पानं आखडून त्यांचा झुपका व्हायचा, घड धरायचाच नाही. रोगट केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं लावली, तर तीही रोगटच निघत. ओढ्यापलीकडे एकच केळ धड उरली. तीही गेली की केळी फक्त गोष्टीत खायची.

साळू नावाची साळिंदराची एक तरणी पोर शेजारच्या जंगलात शिकून आली होती. ती म्हणाली, "या केळीच्या कोंबांचे गाभे मी बाटलीत वाढवते. एकाची शेकडो रोपं होतील, सगळी निरोगी. फक्त बाटलीत जंतू जाता कामा नयेत."

"जंतू म्हणजे?" आबांनी विचारलं.

"डोळ्यांना न दिसणारे जीव."

"म्हणजे भुतं! मग तर फुंकर हवीच."

साळूने गुहा धुतली, बाटल्या उकळल्या, कोंबांसाठी गोड खळ शिजवून बाटल्यांत भरली आणि कोंबांचे गाभे त्या खळीत बसवले. आबा आले. झाकणं उघडायला लावून प्रत्येक बाटलीत मनापासून फुंकले. आठवड्यात बाटल्यांत पांढरी लव उगवली, मग हिरवी, मग काळी. कोंब कुजले.

"फुंकर कमी पडली," आबांचे उजवे हात भाऊसाहेब वानर म्हणाले.

म्हणून दुसऱ्या खेपेला भाऊसाहेबांनीही फुंकलं, घोरपड मावशींनीही फुंकलं. मावशींना तर बाटलीवरच शिंक आली. "शुभशकुन!" म्हणून टाळ्या पडल्या. या वेळी बुरशीला आठवडासुद्धा लागला नाही.

"पोरीचा हातगुणच वाईट," सभेने ठरवलं.

एव्हाना ओढ्यापलीकडची केळही झुपका धरू लागली होती. रोग चढण्याआधी काढून ठेवलेला एकच कोंब शिल्लक होता. साळूने तो बाटलीत बसवला, झाकण घट्ट लावलं आणि बाटली पोटाशी धरून बसली.

आबा आले. मागून सगळी थोर मंडळी.

"उघड, बाळ."

"नाही."

"काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले, आबा. तुमच्या तोंडात जंतू आहेत."

"आबांच्या तोंडात?" मावशी किंचाळल्या. "अगं, तुझ्या बारशाला याच तोंडाने फुंकर घातली होती!"

"तरीच मी महिनाभर तापाने फणफणले होते."

भाऊसाहेबांनी घसा खाकरला. "आमच्या पणज्यांनी फुंकूनच केळी लावल्या."

"चिखलात लावल्या, भाऊसाहेब. तिथे आधीच लाखो जंतू, चिखलाला तुमच्या तोंडाचं काय कौतुक? बाटलीला असतं."

"मग आम्ही आशीर्वाद द्यायचा तरी कसा?" आबांचा आवाज चढला.

साळूने काटे फुलवले.

"तिथूनच द्या. लांब उभं राहून, तोंड मिटून. आणि ज्याला जवळ यायचंच असेल, त्याने आधी कोपऱ्यातल्या त्या कुजक्या बाटल्या हुंगून याव्यात. तुमचेच आशीर्वाद आहेत. वास ओळखीचा वाटेल."

कुणी पुढे आलं नाही. फुंकरीसाठी छातीत भरून घेतलेला श्वास आता कुठे सोडावा, हे आबांना कळेना. त्यांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं, भाऊसाहेबांनी मावशींकडे. एकेक तोंड मिटत गेलं.

कोंबाला नेमकं एवढंच हवं होतं.

तात्पर्य: थोरांचा आशीर्वाद कधीही वाया जात नाही. त्यावर बुरशी उत्तम पोसते.